कापूरहोळची काळी गिटार

आमच्या भोर तालुक्यात कलावंत म्हणून मान्यता मिळवायची असेल, तर माणसाने प्रथम पुण्याला राहायला जावे आणि शक्य झाल्यास तेथेच मरावे. मग गावात त्याच्या नावाची कमान उभी राहते, कमानीखाली पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि ज्यांनी त्याला उभ्या जन्मात ऐकले नाही, ते त्याच्या सुरांविषयी रुमाल डोळ्यांना लावून बोलतात. जो मनुष्य गावातच राहतो, गावातच वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून हात काळे करतो, त्याच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे कोणास वाटत नाही. खालिद उस्मान आतार याच्याविषयी कोणी लिहिले नाही. म्हणून मी लिहितो.

मी भोरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुटीच्या दिवशी आनंदराव यांच्या वाद्यवृंदाचे निवेदन करतो. दोन्ही ठिकाणी माझे कोणी ऐकत नाही. राहायला मी नसरापुरात. नसरापूर आणि भोर यांच्यामध्ये कापूरहोळ लागते, आणि कापूरहोळच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणे हे माझ्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ कार्य होय. त्या फाट्यावरच खालिदचे दुकान आहे. एस.टी. वेळेवर आली असती तर हा मनुष्य मला इतका कळला नसता. महामंडळाचे माझ्यावर एवढे एकच उपकार आहेत.

दुकान फायबरचे. महामार्गावर आपटून फुटलेले बंपर, मडगार्ड, ट्रकच्या केबिनचे पत्रे त्याच्याकडे येत. फुटलेल्या भागावर काचेच्या धाग्यांचे कापड अंथरायचे, त्यावर चिकट रेझीन चोपडायचे, ते वाळून दगडासारखे झाले की घासून रंग मारायचा, असे त्याचे काम. वास असा की शेजारचा ढाबेवाला गिऱ्हाइकांना वाऱ्याची दिशा पाहून बसवी. परंतु त्या फाट्यावर खालिदला कोणी फायबरवाला म्हणत नसे. ‘गिटारवाला खालिद’ हेच त्याचे नाव. एक्क्याण्णव साली, लग्नाच्याही आधी, त्याने पुण्यातून एक जुनी लाकडी गिटार आणली होती आणि कोणाकडेही न शिकता तो ती वाजवू लागला होता. दुकान त्याला परिस्थितीने दिले होते. गिटार तेवढी त्याने स्वतः निवडली होती, आणि त्या नावाने कोणी हाक मारली की हातातले घासकाम थांबवून तो वर पाही.

आता आमच्या भागात लाकडी गिटार सांभाळणे म्हणजे काय, हे सभागृहातल्या रसिकांना सांगून कळायचे नाही. चैत्रातल्या जत्रा उघड्या माळावर. तेथे ऊन असे की लाकूड तडकते. पुढे श्रावण-भाद्रपदात वेल्ह्याकडचे कार्यक्रम. तेथे धुके स्वयंपाकघरापर्यंत येते आणि काडेपेटी खिशात ठेवूनही पेटत नाही. तेच लाकूड मग फुगते. सकाळी कापूरहोळला जुळवलेला सूर वेल्ह्याच्या खिंडीपर्यंत टिकत नसे. दर गाण्यानंतर खालिद खुंट्या पिळत बसे आणि मी माईकवर संतवचने सांगून वेळ काढी. आनंदराव पडद्याआडून म्हणत, “तुझी गिटार वाजतीय कमी आन् जुळतीय जास्त. आरं, गाणं हाय का हीर खणतुयास?”

ओल शोषून घ्यावी म्हणून खालिद गिटारच्या पोटात तांदळाची पुरचुंडी ठेवी. तांदूळ आंबेमोहोर. त्याची पत्नी रुकसाना शिवणकाम करते, दर महिन्याला पुरचुंडी बदलताना ती म्हणे, “आमी कणी खातो आन् आंबेमोहोर ही बया खाती. सवत तरी परवडली असती.” पण बदलायची मात्र चुकत नसे.

वाद्यवृंदाच्या टेम्पोत चालकाशेजारची जागा खालिदची. हा मान नव्हता. मागे ताडपत्रीतून पाणी गळे, म्हणून गिटार मांडीवर घेऊन, तिला चादरीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी सांभाळत तो पुढे बसे. दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण झालेला मी मागे स्पीकरच्या खोक्यावर. याविषयी मी आनंदरावांकडे अनेकदा निषेध नोंदवला. “मास्तर, तुमी भिजला तर वाळाल,” ते म्हणाले. “ती वाळत न्हाई.”

दोन हजार पाचच्या श्रावणात ती गिटार गेली. ती पावसाने गेली नाही, आणि ऊनही लागले नव्हते. ती मायेने गेली.

वेल्ह्याकडच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात आम्ही उतरलो होतो. भोंगवलीचे कोंडिबा हे आमचे ढोलकीवाले, सगळे त्यांना नाना म्हणतात. दमट हवेत ढोलकीचे चामडे सैलावते, म्हणून कार्यक्रमाआधी ती विस्तवावर शेकायची ही रीत त्यांच्या घरात आजोबांपासूनची. नानांनी गोवऱ्यांचा विस्तव केला. खालिद मंडपात माईकच्या तारा जोडत होता. त्याची गिटार भिंतीशी उभी होती, आणि तारा सैलावून तिचा सूर उतरला होता. नानांनी तिला एक टिचकी मारली. आवाज ढबढब आला. ज्या माणसाने आयुष्यभर उतरलेला सूर विस्तवाने चढवला, त्याने याहून वेगळा निष्कर्ष काढावा तरी कसा? एका बाजूला ढोलकी आणि दुसऱ्या बाजूला गिटार, अशी दोन्ही त्यांनी प्रेमाने शेकायला ठेवली.

प्रथम फळ्या जोडणारा सरस वितळला. मग तारांच्या ओढीने घोडी, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात ती, जागेवरून निखळली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. आम्ही धावत आलो तेव्हा गिटारची वरची फळी तळलेल्या पापडासारखी वर आली होती.

“खालिदभाई,” नाना म्हणाले, “म्या तिला जरा ऊब दिली रं...”

आनंदराव ओरडू लागले. मीही काही कठोर वाक्ये मनात जुळवली. खालिदने गिटार उचलली, फळीवरून तळहात फिरवला आणि विचारले, “नाना, ढोलकी तापली का?”

“तापली.”

“मग वाजवा. लोकं बसल्यात.”

त्या दिवशी त्याने मंडपाच्या खांबाशी उभे राहून, रिकाम्या हातांनी, संपूर्ण कार्यक्रम ऐकला.

आनंदरावांनी पंधरवड्याच्या आत कीबोर्ड आणला आणि तो वाजवायला कुंडलिक नावाचा तरुण आणला. “हिच्यात गिटार बी हाय, सनई बी हाय, सतार बी हाय,” ते खालिदला म्हणाले, “आन् एक बी च्या मागत न्हाई. तुझं वाईट न्हाई रं. पर दुसरी लाकडी आणलीस तरी पुढल्या पावसात तेच.” यात खोटे काहीच नव्हते. चालकाशेजारची जागा कीबोर्डला मिळाली. फाट्यावरची भाषाही हळूहळू बदलली. एकदा मी एस.टी.ची वाट पाहत असताना एका ट्रकचालकाने चहावाल्याला विचारले, “हितं बंपर कोण करतंय?” चहावाल्याने बोट दाखवले. “त्यो काय, फायबरवाला.” खालिदने ते ऐकले. त्याने मान वर केली नाही.

आता कार्बनचा भाग सांगितला पाहिजे. शिवऱ्याच्या बाजूला महामार्गालगत जे कारखाने झाले आहेत, त्यांपैकी एकातून भंगारवाल्याकडे कार्बनच्या धाग्यांच्या काळ्या कापडाचे तुकडे येत. दिसायला चटईसारखे विणलेले, हाताला रेशमासारखे. भंगारवाल्याला त्याचे काय करावे ते कळेना. त्याने ते फायबरवाल्याला दिले. खालिदने एका फुटक्या मडगार्डावर ते काचेच्या कापडाऐवजी लावून पाहिले. वाळल्यावर त्याने सवयीने टिचकी मारली, आणि मी समोरच्या बाकावरून पाहिले की तो थांबला. त्याने पुन्हा टिचकी मारली. मग मडगार्ड कानाशी धरले.

“सर, हिकडं या.” मी गेलो. “ऐका. काचेचं फायबर ठक् म्हणतं आन् मरतं. हे बघा, ह्याचा आवाज मागं ऱ्हातोय.”

मला फरक कळला नाही, तरी मी कळल्यासारखी मान हलवली. वाद्यवृंदाच्या निवेदकाला तेवढी सवय असते.

“ह्याला ऊन काय करत न्हाई, पाणी काय करत न्हाई,” तो म्हणाला. “सर, ह्याची गिटार झाली तर?”

परदेशांत अशी वाद्ये त्या काळी बनू लागली होती, हे मला फार पुढे वाचनात आले. कापूरहोळच्या फाट्यावर ते कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेथे त्या दिवशी ही कल्पना प्रथमच सुचत होती, आणि ती सुचली एका मडगार्डामुळे.

पहिल्या प्रयत्नात त्याने जी चूक केली ती बंपर दुरुस्त करणाऱ्यानेच करावी. हे लोक आयुष्यभर वस्तूला बाहेरून ठिगळ लावतात. त्याने जुनी गिटार डागडुजी करून, तिला मेणाचे पॉलिश चोपडून, तिच्यावरच बाहेरून कार्बनचे कापड चढवले. वाळल्यावर कवच दोन भागांत कापून काढले. ते आतून आरशासारखे गुळगुळीत, बाहेरून खरबरीत आणि अर्थातच मूळ गिटारीपेक्षा मोठे. त्यात जुनी गिटार अलगद बसत होती. दुकानाच्या दारात रुकसाना डबा घेऊन उभी होती. तिने ते उघडून पाहिले, मिटून पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

“ही गिटार न्हाई,” ती म्हणाली, “हा गिटारीचा रेनकोट हाय.”

खालिदला हसू आले नाही. दोन दिवसांनी आले. “रेनकोट तर रेनकोट,” तो म्हणाला, “आता आत घालायला माणूस पायजे.”

गुळगुळीत बाजू बाहेर हवी असेल तर आधी गिटारचा साचा काढायला हवा, आणि कापड त्या साच्याच्या आतून बसवायला हवे. कापलेल्या रेनकोटाची शिवण उमटली असती, म्हणून त्याने जाड, अखंड साचा नव्याने केला. परंतु जुन्या गिटारची फुगलेली फळी आत अडकली आणि निघेना. ठोकावे तर साचा फुटतो. त्या दिवशी एस.टी. रद्द झाली होती, म्हणून मी हजर होतो. खालिद पटाशी हातात घेऊन बराच वेळ नुसता बसला. दुकानापुढे एक ट्रकवाला हॉर्न वाजवून कंटाळून निघून गेला.

“दुसरी बाजारातून आणून साचा करता येईल,” मी म्हणालो.

“दुसरीचा साचा निघंल, सर. पर त्यो हिचा नसंल.”

मग त्याने ती आतून, एकेक चीप काढत, फोडली. पंधरा वर्षांचे ते लाकूड एका सिमेंटच्या पोत्यात मावले. पडदे बसवलेली गळ्यावरची शिसवी पट्टी मात्र त्याने अखंड सोडवून कपड्यात गुंडाळली. ती नव्या गिटारीवर चढली आणि आजही आहे.

कापड साच्यात बसवताना नवीनच संकट उभे राहिले. गिटारच्या कमरेच्या बाकावर ते सुरकुत्या धरी. त्याने रेझीन वाढवले, दाबून पाहिले, शिव्या दिल्या. रुकसानाने एकदा पाहिले आणि कात्री मागून घेतली. “उभ्या धाग्यावर कापलंय, मग चुण्या पडणारच. ब्लाउजचा गळा कसा कापत्यात? उरेब.” तिने कापड तिरपे धरून कागदी नमुन्यावर बेतले. ते साच्याच्या वळणावर असे निजले की जणू तेथेच विणले होते.

“आधी का न्हाई बोललीस?” खालिदने विचारले.

“आधी इचारलं का? मला वाटलं, तुमी बंपर शिवताय.”

दोन हजार सहाच्या भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या तोंडावर, तो ती गिटार घेऊन भोरला आनंदरावांच्या घरी आला. मी तेथेच होतो. काळी, चकचकीत, प्रकाशात तिच्या अंगावर बारीक विणीची नक्षी दिसे. आनंदरावांनी बोटाच्या पेराने ती ठोठावली.

“हे काय रं? बादलीला दांडा लावला का?”

“गिटार हाय, आनंदराव. कार्बनची.”

“कार्बन तर टायपिंगच्या कागदामागं घालत्यात.”

“वाजवून दावू?”

“हितं कोरड्या घरात भोपळा बी वाजतोय. तेरड्याचा रंग तीन दिवस, खालिद. आज चमकतीय, उद्या तडकंल.”

खालिद म्हणाला, “वेल्ह्याकडं गवरीचा कार्यक्रम हाय न्हवं तुमचा? गवर तेरड्याचीच असती तिकडं. तिसऱ्या दिवशी बोळवण. घिऊन चला मला, तिसऱ्या दिवशीच बघा.”

आनंदरावांना विनोद आवडला असावा. ते हसले, पण मोजून. “चल. एक गाणं. सूर हालला तर कुंडलिकच हाय आपला, परत ह्यो इषय काढायचा न्हाई. जन्मात न्हाई. आन् स्पीकर उचलायला हात लावायचा.”

“लावतो.”

कार्यक्रमाच्या दिवशी खालिद माझ्याबरोबर टेम्पोच्या मागच्या भागात बसला. पुढे कुंडलिकच्या मांडीवर कीबोर्ड होता, प्लॅस्टिकमध्ये आणि वर चादरीत गुंडाळलेला. खालिदने आपली गिटार त्या ‘रेनकोट’मध्ये घालून दोऱ्याने बांधली होती. कोंडिबा नाना कोपऱ्यात ढोलकी कवटाळून बसले होते. ते गिटारीपासून होईल तितके लांब सरकले होते आणि तिच्याकडे पाहतही नव्हते. त्या प्रसंगापासून ते खालिदच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाची ती एक वाडी. भुरभूर चालू होती. खाचरांत भात गुडघ्याएवढे झाले होते. दुपारी गौरीची बोळवण, म्हणजे माहेराला आलेली लेक सासरी निघायची, आणि तिने वाजतगाजत निघायचे, ही तेथली रीत. कार्यक्रम ठरवणाऱ्या महिला मंडळाच्या प्रमुख फुलाबाई या साठीच्या, आवाज असा की त्यांना माईक देणे हा विजेचा अपव्यय ठरावा. आम्ही वाद्ये मांडली, मी प्रास्ताविकाचे दुसरे वाक्य उच्चारले आणि वीज गेली.

भारनियमनाचे वेळापत्रक माझ्याजवळ होते. त्याप्रमाणे ती त्या वेळी जायला नको होती. परंतु वेळापत्रक हे नागरिकांनी पाळायचे असते. मंडळाने ठरवलेला जनरेटर कोठे आहे, म्हणून विचारले. तर तो सकाळीच एका पुढाऱ्याच्या सत्कारासाठी पलीकडच्या गावी नेला होता. लेक सासरी निघाली आहे आणि जनरेटर सत्काराला गेला आहे, यावर मी आणखी भाष्य करत नाही.

“आनंदराव,” फुलाबाई पाटावरच्या गौरीपुढून उठल्या, “गवर मुकी धाडू का सासरी?”

“बाई, लाईट न्हाई त्याला म्या काय करू?”

“लाईट गवरीनं न्हेली का? सनईवाला दर साली यायचा. तुमीच म्हनला, त्याला नगं सांगा, आमच्या पेटीत सनई हाय.”

“हाय की.”

“मग काढा की भाईर!”

बायका हसल्या. कुंडलिकने मान खाली घातली. “हाय, मावशी,” तो म्हणाला, “पर ती लाईटीची हाय.”

नानांनी आधीच विस्तवाची खटपट सुरू केली होती, पण गोवऱ्या ओल्या. धूर निघाला, धग निघाली नाही. ढोलकीवर थाप मारली तर ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज. आनंदराव माझ्याकडे पाहू लागले. माझ्याकडे संतवचने होती. ती त्या प्रसंगी कोणी ऐकून घेतली नसती, आणि हे मला कळले, हीच त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

खालिदने दोरा सोडला, झाकण उघडले, गिटार गळ्यात अडकवली आणि एकदाच तारा छेडल्या.

सूर कापूरहोळला जुळवला होता. खिंड झाली, भुरभूर झाली, धुके झाले. आम्ही सगळे नकळत त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होतो, तो आता खुंटीकडे जाणार म्हणून. हात गेला नाही. सहाही तारा एका सुरात होत्या. वीज नसताना, माईक नसताना, त्या काळ्या पोटातून आवाज असा भरून आला की मंडपाच्या दारातली कुत्री उठून उभी राहिली.

“ऱ्हाऊ द्या लाईट,” फुलाबाई म्हणाल्या. “उचला गं गवर.”

बायकांनी त्यांचीच गाणी धरली आणि खालिद त्यांच्यामागे सूर लावत चालू लागला. आठ-दहा पावले गेल्यावर तो मागे वळला. नाना ढोलकी खांद्याला अडकवून, रिकाम्या हातांनी चालले होते. ते रिकामे हात खालिदने ओळखले असणार.

“नाना, ते झाकण घ्या. आन् वाजवा.”

“म्या? तुझ्या वस्तूला म्या हात लावू? पुन्यांदा?”

“तुमचीच हाय ती. तुमी शेकली नसती तर ही झाली असती का?”

नानांनी मंडपात मागे राहिलेले ‘रेनकोट’चे ते खरबरीत कवच उचलले, बगलेत धरले आणि भीत भीत बोटे टेकवली. ‘रेनकोट’ बोलला. त्यांनी पुन्हा थाप दिली, मधोमध, मग काठावर. मधे घुमारा, काठावर टणत्कार. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. वर्षभर रस्ता ओलांडणारा तो मनुष्य पाचव्या-सहाव्या थापेला रस्त्याच्या मधोमध आला.

“आरं, हिला तर शेकाया बी लागत न्हाई!” ते ओरडले.

“शेकू नगाच, नाना!” मागून कुंडलिक ओरडला, आणि त्यावर सारी वाडी हसली.

ओढ्याकडे जाणारी वाट भाताच्या बांधावरून होती. तेथे खालिदचा पाय घसरला. तो एका बाजूला कलंडला आणि गिटार त्याच्या गळ्यातून सुटून तोंडावर खाचरात पडली. गाणे थांबले. खाचरातला चिखल तिच्या तोंडातून आत जाताना बुडबुडे आले, ते आम्ही पाहिले.

“गेली,” आनंदराव हळूच म्हणाले. त्यांच्या स्वरात आनंद नव्हता, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. मी त्यांच्याविषयी सहसा चांगले लिहीत नाही.

खालिद उठला. त्याने गिटार दांड्याला धरून उचलली, तिच्यातून निथळणारा चिखल पाहिला आणि बायकांना म्हणाला, “चला, ओढा जवळच हाय.”

ओढ्यावर गौरीची पूजा झाली, आरती झाली, तेरडा पाण्यात सोडला. मग, आम्ही सर्व काठावर उभे असताना, खालिद पाण्यात उतरला. त्याने गिटार आडवी धरून ओढ्यात बुडवली. फुलाबाईंच्या तोंडून “अगं आई!” निघाले. त्याने ती पूर्ण भरू दिली, हलवली, उपडी केली. तोंडातून तांबडे पाणी भडाभडा पडले. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. बाई कळशी विसळते तशी त्याने ती वाहत्या पाण्यात विसळली. नानांनी आपले उपरणे पुढे केले. त्याने तिचे अंग पुसले, तारा पुसल्या आणि काठावरच्या दगडावर उभे राहून सहाही तारा छेडल्या.

सूर जेथे होता तेथेच होता.

 मग फुलाबाई म्हणाल्या, “पोरी, फुगड्या घाला!” आणि ओढ्याच्या काठावर, भुरभुरीत, गौर गेल्यानंतरही, जो धिंगाणा झाला त्याचे निवेदन करायला मला माईक लागला नसता, पण मला ते करायला कोणी सांगितले नाही आणि मीही केले नाही. मी टाळ्या वाजवत होतो. (तारा दुसऱ्या दिवशी गंजल्या, हे प्रामाणिकपणे सांगतो. तारा भोरच्या बाजारात मिळतात.)

परतताना टेम्पोपाशी आनंदराव घसा खाकरत उभे होते. “खालिद,” ते म्हणाले, “पुढं बस.”

त्या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळला. खालिदने चालकाशेजारच्या जागेकडे पाहिले, मग कुंडलिककडे. तो प्लॅस्टिकमधला कीबोर्ड छातीशी धरून, पाठ पावसाकडे करून उभा होता.

“त्याला बसवा,” खालिद म्हणाला. “त्याच्या पेटीला पाणी सोसत न्हाई. मला आता कुठं बी चालतंय.”

तो मागे चढला आणि ताडपत्री त्याने बाजूला सारली. वेल्ह्यापासून महामार्गापर्यंत खालिद उघड्यावर वाजवत आला, आणि नाना रेनकोटवर ठेका धरून. नसरापूर आले तेव्हा चालकाने माझ्यासाठी टेम्पो थांबवला. घरी कोरडे कपडे होते, चहा होता. मी उतरलो नाही.

कापूरहोळला शिरताना फाट्यावरचे मेकॅनिक, पंक्चरवाले, चहावाला रस्त्यावर आले. “कोण रं, कोण वाजवतंय?” कोणीतरी पलीकडून विचारले.

“कोण असणार?” चहावाला ओरडला. “गिटारवाला खालिद!”

खालिदने हात न थांबवता मान वर केली.

दुकानाच्या दारात रुकसाना उभी होती. तिच्या हातात पुरचुंडी होती. नवी गिटार पहिल्यांदाच वेल्ह्याला गेली म्हणून सवयीने भरून ठेवलेली.

“भिजली का?” तिने विचारले.

“बुडाली.”

“आन्?”

त्याने तारा छेडल्या. तिने ऐकले, पुरचुंडीची गाठ सोडली आणि टेम्पोतल्या आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

“उतरा,” ती म्हणाली. “भात टाकते.”